बाणबेडूक निवडताना

बेडूक म्हटला की आपल्याला पावसाळ्यातले शेत आठवते. पण मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत दोन पेरांएवढे, झळझळीत रंगांचे बेडूक राहतात. त्यांच्या कातडीत विष असते. कोलंबियातील एंबेरा लोक त्यांतल्या काहींचे विष फुंकनळीच्या बाणांना लावीत. म्हणून हे बाणबेडूक. युरोप-अमेरिकेत हौशी माणसे ते काचपेटीत पाळतात. मग नवख्याने कोणता निवडावा?

बैलबाजारात आपण रंगवलेली शिंगे पाहून बैल घेत नाही. दात बघतो, चाल बघतो. इथेही तसेच. स्ट्रॉबेरी बेडूक लालबुंद, मोठा देखणा. पण त्याची मादी एकेक पिल्लू पाठीवरून नेऊन पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात सोडते आणि स्वतःची निष्फळ अंडी त्याला खाऊ घालते. हे काम माणसाला कसे जमावे? नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ल्यूकोमेलास बरा. व्हेनेझुएला-गियानाकडचा हा बेडूक कोरडा ऋतू सोसणारा, म्हणून काटक. शिवाय चारदोन जण एकत्र नांदतात. टिंक्टोरियसही धीट आहे, पण त्याच्या माद्या आपसांत भांडतात. त्याची जोडीच ठेवावी.

दुसरी गोष्ट, बेडूक पेटीत जन्मलेलाच घ्यावा. जंगलातून धरलेला पुष्कळदा रोगट, घाबरलेला असतो, आणि त्यापायी जंगलही रिते होते. विषाची भीती मात्र नको. ते मुंग्या व बारीक किडे खाऊन अंगी येते. पेटीत जन्मलेल्याला ते नसतेच.

गाय आणण्याआधी आपण गोठा बांधतो ना? तशी पेटी आधी तयार हवी. ओलसर हवा, २२ ते २६ अंश उष्णता, आणि खायला न उडणारी फळमाशी घरीच वाढवलेली. तीस अंशांपलीकडे हा जीव तगणे कठीण. आपल्याकडचा वैशाख तुम्ही जाणताच!

शिक्षकमित्रांनो, हे बेडूक १९८७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या संरक्षित यादीत आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंद करावी लागते. तेव्हा विक्रेत्याकडे कागदपत्रे मागावीत. ती नसतील, किंवा उन्हाळ्यात पेटी थंड ठेवण्याची सोय नसेल, तर बेडूक घेऊच नये. चित्रे दाखवूनही मुलांना पुष्कळ शिकवता येईल.