पहिली पसंती

जून-जुलै म्हणजे आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवण्याचे दिवस. मासेमारी बंद, हातात पैसा नाही, आणि नेमके तेव्हाच मुलांचे प्रवेश.

2025 च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या आमच्या शेजारची, कोळीवाड्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. दहावीला उत्तम गुण. पूर्वी आमच्याकडे अकरावीचा प्रवेश म्हणजे महाविद्यालयाच्या खिडकीपाशी रांग. त्या वर्षी मात्र मोठ्या शहरांपुरती असलेली ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली. एक ते दहा महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने भरायची. मैत्रिणींचे पाहून हिने पहिले नाव दक्षिण मुंबईतले लिहिले होते, दुसरे अलिबागचे.

"मिळालं तर बघू, सर," ती म्हणाली.

इथेच गफलत होते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद. दुसरे-तिसरे मिळाले, तर थांबता येते. कोट्यातून प्रवेश पक्का केला तरी नियमित फेरीतून नाव निघते. अभियांत्रिकीच्या ‘कॅप’मध्येही पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप ‘फ्रीज’ होते.

वडिलांनी एवढेच विचारले, "पावसात जाईल कशी?" मांडवा-गेटवे लाँच पावसाळ्यात बंद. भाऊच्या धक्क्याची रो-रो 2020 पासून आहे. पण रेवदंड्याहून रोज तो प्रवास करायचा कसा? वसतिगृहात ठेवायचे, तर पैसे आणायचे कुठून?

मुंबई नकोच, असे माझे म्हणणे नाही. गिरगावात मामाचे घर असते, तर मीच मुंबई पहिली लिहायला सांगितली असती. काही पालक उलट भीतीने हवे ते महाविद्यालय खाली ढकलतात. त्याचीही गरज नाही. वरचे नाही मिळाले, म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. जागा गुणांवरच मिळते.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला सायन्स करायचंय. अलिबागला एसटीने जाईन." तिने क्रम बदलला. उठताना वडील म्हणाले, "बारावीनंतर मुंबईचं बघू. तोवर दोन हंगाम हातात आहेत."

पालकहो, अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री घरात हे बोलणे होऊ द्या. पहिल्या क्रमांकावर तेच नाव लिहा, जिथे मिळाल्यावर खरोखर जाता येईल.