तलावाकाठची खुर्ची

आज बोलणार आहे ते एका खुर्चीबद्दल. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकाठी असते ती.

मुरलीकांत पेटकर ठाऊक असतीलच. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आला. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. अडतं ते काठावर.

आमच्या पलटणीतले एक सुभेदारसाहेब आहेत, कमरेखाली संवेदना नाही. काही कुटुंबं मिळून आम्ही कोकणातल्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. खोलीपर्यंत रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडे, सगळं चोख. तलावाकाठी मात्र फूटभर उंचीचे लाउंजर. व्हीलचेअरची बैठक साधारण अठरा-एकोणीस इंचांवर. खाली सरकता येईल एक वेळ, पण परत वर येताना अख्खं शरीर दोन हातांवर उचलायचं, तेही ओल्या फरशीवर!

मॅनेजर मनाचा चांगला. म्हणाला, "सर, चार पोरं बोलावतो, उचलून ठेवतील."

सुभेदारसाहेब म्हणाले, "मी पोतं नाही." आणि दुपारभर उन्हात बसून राहिले, कारण छत्रीखाली लाउंजर खेटून ठेवलेले, मधे चाक जाईल एवढी वाट नाही.

हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. मज्जारज्जूची दुखापत वरच्या भागात असेल तर घाम नीट येत नाही, अंग तापत जातं. लोखंडी बैठक उन्हात तापली तर मांडी भाजते आणि माणसाला कळतही नाही. म्हणून सावली आधी, रंगरूप मागाहून.

अमेरिकेच्या 2010 च्या मानकांत बाकाची उंची 17 ते 19 इंच दिली आहे आणि व्हीलचेअर उभी करायला 30 बाय 48 इंच मोकळी जागा. खुर्ची जड हवी, सरकता कामा नये. एका बाजूचा हात उचलता यावा, म्हणजे आडवं सरकता येतं. दुसऱ्या बाजूचा मात्र पक्का ठेवा. गुडघे दुखणारी आजी त्याच्याच आधारानं उठते. आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, हे मालकांना सांगावं लागतं. न ओरडता सांगितलं तर ऐकतात, असा माझा अनुभव.

मी त्या मॅनेजरला मापं लिहून पाठवली. गावच्या सुताराकडून त्यानं दोन बाकं करून घेतली आणि फोटो पाठवला. मी तो सुभेदारसाहेबांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"बाक ठीक आहे," म्हणाले. "पण चार वाजता सावली कुठं जाते, विचारा त्याला."

विचारलंय. उत्तर यायचं आहे.