पहिला पाठ

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. नाना प्रांतांतून आलेली माणसे तेथे सेक्टरा-सेक्टरांतून वसली. सेक्टर ६ मधील एखाद्या वर्गात फळ्यावर हिंदी असते. बाकांवरच्या मुलांच्या घरी मात्र तेलुगू, बंगाली, मल्याळम, छत्तीसगढी, मराठी यांपैकी कोणतीही भाषा असू शकते.

बी.एड.ची एखादी मराठी विद्यार्थिनी अशा वर्गात प्रथमच उभी राहते. हाती पाठाचे टाचण, मागे वहीत गुण मांडणारे प्राध्यापक. ओले कपडे वाळतात, तेव्हा पाणी जाते कोठे? टाचणात उत्तर लिहिलेले असते. वर्ग मात्र गप्प. आता स्वतःच उत्तर सांगून पाठ वेळेत संपवावा, की थांबावे?

ती थांबली, तर एखादे मूल भीतभीत बोलते: आईचा लुगरा उन्हात टाकला, की पाणी हवेत जाते. 'लुगरा' हा छत्तीसगढी शब्द ऐकून तिला आजीचे लुगडे आठवावे! शब्द पुस्तकातला नाही; पण बाष्पीभवन मुलाला कळले आहे.

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. मुलाच्या बोलीला वर्गात हसू फुटले, की पहिलीची दुसरी व्हायला क्षणही लागत नाही. ते हसू आवरणे शिक्षिकेच्याच हाती असते.

२०१४ च्या नियमांनी बी.एड.साठी शाळेतील किमान २० आठवड्यांचा अनुभव आवश्यक ठरविला. टाचण लिहिणे त्याआधीही शिकता येते. ते मिटून मुलाचे ऐकावे केव्हा, हे उमगण्यास मात्र वर्गच हवा.