पापड फोडायचा गेम

आम्ही मरोळच्या बचत गटातून बोलतोय. आज विषय कॉम्प्युटर गेमचा. हसू नका. आम्ही तर आधी रागावलोच होतो.

गटाला एक जुना कॉम्प्युटर मिळाला, पण हात कोणी लावेना. बिघडला तर पैसे कोण भरणार? रोजकीर्द भरायला एक मुलगा पैसे घेऊन यायचा. एकदा एका ताईंचे दोन हप्ते दुसरीच्या नावावर चढले. बैठकीत यादी वाचली, तर ताई थकबाकीदार! वहीत नोंद होती, पण मुलगा गावी गेलेला आणि पडद्यावरची चूक आम्हा कोणालाच सापडेना. पोरीच्या फीसाठी मागितलेलं त्यांचं कर्ज तेवढ्यावर अडलं.

आणि त्याच कॉम्प्युटरवर एका सभासदाची नववीतली मुलगी गेम बनवत बसलेली! स्क्रॅच नावाचं फुकट साधन आहे. त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. तिने दोन जुने गेम एकत्र केले होते. एक १९७६ चा ब्रेकआउट. खाली फळी, वर विटांच्या रांगा, चेंडू टोलवून विटा फोडायच्या. दुसरा १९७८ चा जपानी स्पेस इन्व्हेडर्स. त्यात शत्रू रांगेने खाली सरकत येतात. जितके कमी उरतील तितके जोरात, कारण यंत्राला चित्रं कमी काढावी लागत. बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. कर्जाचे शेवटचे हप्तेही असेच अंगावर येतात, नाही का?

हिच्या गेममध्ये विटाच खाली सरकत होत्या, आणि विटा म्हणजे आमचे पापड! पापड फळीला टेकला की डाव संपला.

फळी हलवायला डावा-उजवा बाण, बस्स. गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी आधी बसल्या. "अगं मावशी, पापड आला, डावीकडे!" असा आरडाओरडा. तीनदा हरल्या, पण कॉम्प्युटर काही बिघडला नाही.

मग मुलीने हिशेबाचा तक्ता उघडला. तिथेही हेच बाण एका घरातून दुसऱ्या घरात नेतात. वही मांडीवर घेऊन ताई स्वतः बाण दाबत गेल्या आणि आपले दोन हप्ते त्यांनीच शोधले. पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर झालं.

आता रोजकीर्द आम्ही तिघी भरतो. दोघीजणी अजून लांबूनच बघतात. आधी हिशेब, मग गेम, असा नियम केलाय. मावशी तो पाळत नाहीत.