छप्पर कशाचं घालावं?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला बँकेतल्या आठवणी सांगायला सांगितलं होतं. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची कोकणात घरं आहेत, काहीजण नवी बांधताहेत, शिवाय गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहेच. म्हणून आज छपरावर बोलतो. मी इंजिनिअर नाही. घरबांधणीची कर्जं देताना शेकडो कोटेशनं वाचली आणि साइटवर जाऊन पाहिली, एवढाच माझा अधिकार.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली. तेच वादळ घाट चढून आपल्या मुळशी-मावळातही आलं आणि इथलेही पत्रे उडाले. तेव्हा हा विषय फक्त कोकणचा नाही.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वरून वेगाने जाताना तो ओढ निर्माण करतो आणि एखादी खिडकी फुटली की आतूनही ढकलतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ताशी 120 किलोमीटरला चौरस मीटरमागे हा जोर 65-70 किलोच्या घरात जातो. कडेला आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. तेवढ्या पत्र्याचं वजन असतं जेमतेम पाच किलो! म्हणजे पत्रा वजनाने नाही, बोल्टने टिकतो.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतात. घर थंड राहतं, आणि चार कौलं उडाली तर चारच बदलायची. पण कडेची आणि कोन्याची कौलं तारेने किंवा खिळ्याने बांधलेली हवीत, वासे-रीपा वाळवीमुक्त हव्यात. सिमेंटचे जुने पत्रे आपटले की फुटतात. त्यात अॅसबेस्टॉस असेल तर धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून ते फोडू नका, घासू नका. लोखंडी पत्रा स्वस्त आणि झटपट, पण खाऱ्या हवेत साधं गॅल्व्हनायझिंग लवकर खातं. जस्त-अॅल्युमिनियमचा लेप असलेला जाड पत्रा घ्यावा. स्लॅब वाऱ्याला दाद देत नाही, मात्र खर्च मोठा आणि गळतीची काळजी कायमची.

माझं म्हणाल तर किनाऱ्यावर चौपाखी छप्पर, साधारण तीस अंशांचा उतार आणि वळचण बेताची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्रा रिपेला, रीप कैचीला, कैची भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट बांधलेली असावी. या साखळीतली एक कडी कच्ची असली तरी बाकीचा खर्च पाण्यात. कोटेशनमध्ये लोक पत्र्याचा ब्रँड पाहतात आणि वॉशर-स्क्रूच्या ओळीत पैसे वाचवतात. तिथे वाचवू नका. गंजलेले स्क्रू दरवर्षी मे महिन्यात बदलून घ्या.

आता आपली गच्ची. उंचावर वारा जास्त असतो, आणि आपल्या शेडचा पत्रा सुटला तर तो खाली खेळणाऱ्या आपल्याच नातवंडांवर येणार. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. स्ट्रक्चरल इंजिनिअरने या आकड्यावर हिशेब करून सही द्यावी, ग्रामपंचायत किंवा पीएमआरडीएची जी परवानगी लागेल ती घ्यावी, मगच ठेकेदाराला अॅडव्हान्स द्यावा, अशी माझी सभेला विनंती आहे. सर्वांत कमी दराचं टेंडर हे सर्वांत स्वस्त असतंच असं नाही.

जाता जाता बँकवाल्याची एक सूचना. घराच्या विम्यात वादळ आणि पूर दोन्ही आहेत ना, पॉलिसी काढून वाचा. 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते, त्यात दोन्ही येतात. कर्ज फिटलं की विमा बंद करायची आपल्याकडे सवय आहे. वादळ मात्र कर्ज फिटलंय का हे विचारून येत नाही.