नंबर सांगणाऱ्या यंत्राची परीक्षा
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रूळ मोजतो आहे. मग चष्म्यावर का बोलतो? माझ्या मुलीमुळे.

नऊ वर्षांची असताना तिला फळ्यावरचे दिसेना. दुकानातल्या यंत्राने दोन मिनिटांत चिठ्ठी दिली : मायनस सव्वादोन. चष्मा केला आणि रोज संध्याकाळी तिचे डोके दुखू लागले. मला वाटले, अभ्यासाचा कंटाळा! सौ. मात्र ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी थेंब टाकून तपासले, तर नंबर निघाला मायनस एक. यंत्रात डोकावताना लहान मुलाचा डोळा जवळचे पाहत असल्यासारखा ताणला जातो आणि मायनस नंबर फुगतो. थेंबांनी तो ताण सुटतो. मधले चार महिने मी तिला रागावत होतो.

आमच्याकडे नवे गेज आले की ते आधी प्रमाणित गेजशी ताडून पाहतात, एकाच जागी पुन्हा पुन्हा लावतात. १६७६ मिलिमीटरच्या जागी दर वेळी ३ मिलिमीटर जास्त दाखवणारे गेजही जुन्याबरोबर इमानाने वरखाली होतेच, म्हणून काही ते बरोबर ठरत नाही. डोळ्यांच्या यंत्राचेही तसेच. त्यात सिलिंडर नंबराची गंमत निराळी. त्याचा अक्ष अंशांत मोजतात आणि १८० म्हणजेच शून्य. एकदा १७९ आले, एकदा १, तर दोन्ही जवळजवळ एकच. पण साधी सरासरी काढाल तर ९० येईल, म्हणजे आडव्याचे उभे!

२०१० साली मूळचे नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांच्या एमआयटीतील सहकाऱ्यांनी 'नेत्र' हे साधन मांडले. मोबाइलच्या पडद्यावर छोटी जोडणी बसवून डोळ्याला लावायची आणि दिसणाऱ्या रेषा एकमेकींवर आणायच्या. त्या किती सरकवाव्या लागल्या त्यावरून नंबर कळतो. निरनिराळ्या दिशांनी मोजल्यामुळे सिलिंडरही सापडतो.

पुढे दुसऱ्या एका हातात धरायच्या यंत्राची चाचणी तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मदतीने झाली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ७०८ माणसे होती. यंत्राचा नंबर आणि तपासनिसाचा नंबर, दोन्ही भिंगे आळीपाळीने घालायला देऊन कोणते बरे वाटते ते त्यांनाच विचारले. मला ही पद्धत फार पटली. आकडा जुळला, सही केली, असे झाले नाही.

घरी मात्र हा प्रश्न विचारायला मला चार महिने लागले. ती मुलगी आता कॉलेजात आहे. समोर तिसऱ्या रांगेत बसून नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघते आहे. आता तुमचे प्रश्न घेतो.