किल्ली कोणाच्या हाती?

इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्याची दुकाने लागली की पलासियाकडचा एखादा भाचा विचारतो, "मामा, मोटारीची किल्ली देता का?" मामा देतात. विम्याचा कागद गाडीतच आहे, मग काळजी कसली?

१९३९ च्या मोटार कायद्यातील विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. आज ती १९८८ च्या कायद्याने चालू आहे. पण ही सक्ती आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी नाही, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. तो दगावला वा जायबंदी झाला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनी देते. स्वतःच्या गाडीची नुकसानी हवी असल्यास निराळा हप्ता भरावा लागतो.

आता भाच्यापाशी परवानाच नसेल तर? २००४ च्या स्वर्णसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर विचार केला. जखमीला पैसे मिळतात. परंतु मालकाने जाणूनबुजून परवाना नसलेल्याला गाडी दिल्याचे सिद्ध झाले, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे हप्ते भरूनही लाखांचे देणे मामांच्याच दारी!

विमा नसल्याचा पहिला दंड दोन हजारांचा, म्हणून तोच स्वस्त मानणारे शहाणेही आहेत. त्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, हे त्यांनी वाचलेले नसते.

नव्या मोटारीचा तिऱ्हाइतासाठीचा विमा सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा उतरवावा लागतो. स्वतःच्या गाडीचे संरक्षण मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचे असते. तेव्हा कागदावरची दुसरी तारीखही आज रात्री पाहून घ्यावी.